रोज चार बोटं

वहिनी जिना चढून वर पोचली, तेव्हा सून मांजराचं नाक वरच्या पायरीशी साचलेल्या मुतात घासत होती. दुसऱ्या हातात चप्पल होती. मांजर ओरडतही नव्हतं. आठ दिवसांत त्याला माराची सवय झाली होती.

"मेलं रोज इथेच करतं," सून म्हणाली. "जपून या, पाय पडेल."

वहिनी म्हणजे विमा कचेरीत खोटे दावे पकडण्यात हयात घालवलेली बाई. निवृत्त झाली, पण खोड गेली नाही. मागून धापा टाकत आले ते तिचे दीर, भावजी. औषधाच्या दुकानात चाळीस वर्षं कंपाउंडरी केलेला भला माणूस, डोकं मात्र सावकाश चालायचं.

बोलावणं मास्तरांचं होतं. मास्तर शिंपी. नऊ वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. आता एक हात गळ्यात, कपाळावर सात टाके.

त्यांची हकीकत सरळ होती. वरच्या बोळात डाव्या हाताला आधी बाथरूम, पुढे पाच फुटांवर जिना. बाथरूमच्या दाराशी मांजराचा वाळूचा ट्रे. मांजर उकरताना खडे बाहेर उडवायचं आणि ते अनवाणी पायाला लागले की मास्तर डावीकडे वळायचे. सहा वर्षं हीच खूण. मध्ये हर्नियाचं ऑपरेशन झालं, ते चिघळलं म्हणून तीन आठवडे दवाखान्यात गेले. नऊ दिवसांपूर्वी दोघा माणसांनी खुर्चीत बसवून त्यांना घरी वर आणलं. दुसऱ्या सकाळी ते एकटे उठले, पायाला खडे लागले, वळले, आणि पायाखाली जमीनच नव्हती.

"पोरं म्हणतात, खडे बाथरूमपाशीच होते, तुम्ही भ्रमिष्ट झालात. उद्या नऊला वृद्धाश्रमाची गाडी येतेय," मास्तर म्हणाले. "डोकं फिरलं असेल तर मुकाट्याने जातो. पण कुणी माझ्यावर उठलं असेल, तर मला ते माणूस हवंय."

वहिनीने एकेकाला गाठलं.

सून तोंडाळ. तीन आठवडे दवाखान्याच्या बाकावर तिनेच काढले होते. सासरे घरी आले त्या संध्याकाळी ती माहेरी झोपायला गेली, परतली ती पडल्याची बातमी ऐकून. सेवेला नणंद, म्हणजे मास्तरांची लेक, का नाही गेली, असं विचारल्यावर तिने नाक मुरडलं. नणंदबाईंना म्हणे मांजर सोडवेना. ते आणलं तेव्हा ट्रे गॅलरीत होता, आणि बाईसाहेबांनी महिनाभर रोज चार बोटं सरकवत तो बाथरूमपाशी आणला. लेकरू नाही ना पदरी, मग मांजराचे लाड.

मुलगा छापखान्यात कामाला. झोपायचा खाली, वर यायचा फक्त अंघोळीला. ट्रे होता तिथेच होता, असं तो छातीठोकपणे म्हणाला. धडपड ऐकून तो धावला, बापाला उचलून गाडीत घातलं. बहीण वरच राहिली होती.

लेक बेचाळीसची, अविवाहित. बापाचं अंथरूण, औषध, कपडे, सगळं तिच्याकडे. एक स्थळ आलं होतं. मास्तर म्हणाले, माझा हात कोण धरणार? त्या माणसाने दोन वर्षं वाट पाहिली आणि दुसरीकडे लग्न केलं. ट्रे जागचा हललाच नाही, असं तीही म्हणाली. बाहेर चपलेचा फटका बसला. तिने मान वर केली नाही.

भावजींचा निकाल तयार होता. "सूनच. जिला मुक्या जनावराची दया नाही, तिला सासऱ्याची कुठली?"

वहिनी ट्रेपाशी उकिडवी बसली होती. वाळू कोरडी होती, वर उकरल्याची एक खूण नाही. "चला भावजी," ती म्हणाली, "सगळ्यांना बोलवा."

सगळे बोळात जमले. मास्तर खुर्चीत बसले.

"मांजर बिघडलेलं नाही," वहिनी म्हणाली. "ते शिकवलं तसंच वागतंय. ट्रे एका दिवसात उचलून हलवला असता, तर ते जुन्याच जागी बसलं असतं. ते जिन्याशी बसतंय, म्हणजे त्याला ही जागा सावकाश लावलीय. इथून तिथे पाच फूट. रोज चार बोटं धरा, एकवीस दिवस लागतात. मास्तर दवाखान्यात होते तेवढेच."

"मी रोज वर येत होतो," मुलगा म्हणाला. "मला दिसलं असतं."

"तुमचं पोट सुटलेलं तुम्हाला रोज दिसलं का?"

त्याने शर्ट खाली ओढला.

"सून तेव्हा दवाखान्यात होती. शिवाय ती चप्पल उचलणारी बाई, एकवीस दिवस दम धरणं तिचं काम नाही. ट्रे रोज साफ कोण करतं? बाप खाली कण्हत असताना वर कोण थांबलं? ट्रे जागेवर नेऊन खडे झाडायला दोन मिनिटं लागली, माणसं फसली. मांजराला कोण समजावणार? म्हणून ज्याच्यावर जीव टाकला, ते आठ दिवस मार खात होतं आणि ही बघत होती. ते वाईट ठरल्याशिवाय हिची सुटका नव्हती."

भावजींना आता कळलं. त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"पहिल्या दिवशी काही ठरवलं नव्हतं," लेक म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "नुसतं सरकवून पाहिलं. मग कुणाच्या लक्षातच येईना. बाबा गेले असते तर मी रडले असते, मनापासून. नाही गेले, तर आश्रमही चालला असता मला."

मुलगा पोलिसांना फोन लावायला निघाला. मास्तरांनी चांगला हात वर केला.

"म्हणजे माझं डोकं शाबूत आहे?"

"आहे," वहिनी म्हणाली.

"मग आश्रमाला नको म्हणून कळव. आणि पोलीस नकोत. पोटची पोर आहे."

भावजींचे डोळे भरून आले. बापाचं काळीज, ते पुटपुटले.

"तुम्ही चौघांनी ऐकलंय," मास्तर पुढे म्हणाले. "मी आहे तोवर ही घराबाहेर पाऊल टाकणार नाही. टाकलं, की त्याच दिवशी तुम्ही ठाण्यात जाऊन हेच सगळं सांगायचं."

लेक पहिल्यांदाच दचकली. तिने वहिनीकडे पाहिलं. खऱ्याचं खोटं करता येईल असं वहिनीजवळ काहीच नव्हतं.

मास्तरांनी हात पुढे केला. "चल, बाथरूमला ने."

तिने तो धरला. दारापर्यंत नेऊन ती बाहेर उभी राहिली. दार लोटलं गेलं, आतून कडी लागली नाही.

"आहेस ना गं?" आतून आवाज आला.

"आहे," ती म्हणाली.