बापूंचा घसा

केतकी पानवलकरने डोळे मिटून आकारात तान घेतली आणि तिच्या पाठीमागच्या भल्यामोठ्या पडद्यावर तिच्या वडिलांचं तोंड उघडलं.

बापूंना जाऊन वर्ष झालं होतं आणि सांगलीच्या नाट्यगृहात त्यांच्या स्मृतीची मैफल होती. हल्ली नुसतं गाणं कुणाला पुरत नाही, मागे चित्रं हलावी लागतात. ती जुळवायला 'रंगमेळ' नावाची संगणकाची आज्ञावली होती. गाणाऱ्याच्या तोंडाची ठेवण पाहून ती तशीच चित्रं शोधून एकमेकांत मिसळायची आणि खुर्च्यांच्या हातांतल्या संवेदकांवरून प्रेक्षकांची नाडी वाचायची. नाडी वाढली की तेच चित्र आणखी मोठं. ती चालवणाऱ्या वृंदा घाटपांडेने फक्त लक्ष ठेवायचं.

केतकीने बापूंचा अख्खा फोन वृंदाच्या हवाली केला होता. "चाळत बसू नका ताई, सगळा रियाझच आहे त्यात." वृंदानेही कंटाळा केला आणि सगळा फोन तसाच रंगमेळमध्ये ओतला.

रियाझ होताच. पण शेवटच्या आजारात बापू रोज सकाळी डॉक्टरांसाठी घशाचं चित्रण करत, तेही त्यातच होतं. रंगमेळला काय त्याचं? आ म्हणजे आ.

बुळबुळीत पांढऱ्या थराने माखलेली जीभ, सुजलेली पडजीभ, मागच्या व्रणातून पाझरणारा पू. आणि हे सगळं तबल्याच्या ठेक्यावर थरथरत होतं. वृंदाने घाईघाईने बापूंचा तंबोरा घेतलेला फोटो लावला. नाडी उतरली, आणि रंगमेळने घसा परत आणला, आणखी जवळून.

तिने प्रेक्षकांकडे पाहिलं. कुणी उठत नव्हतं. पहिल्या रांगेतल्या बाईंनी नाकाला पदर लावला होता, नजर मात्र पडद्यावरून हलत नव्हती. शी! या यंत्राला किळस काय आणि दाद काय, सारखीच. पण माणसांचं काय?

केतकीची पाठ पडद्याकडे होती. ती वळली तर तिला वडील असे दिसणार होते. वृंदाने पडद्याची केबलच उपसली. पडदा काळा झाला.

"अहो, बंद काय केलंत?" कुणीतरी ओरडलं. "चालू होतं ते दाखवा की!" मग टाळ्या आणि वन्स मोअर. वृंदाला त्या टाळ्यांचीच शिसारी आली.

केतकीने डोळे उघडले. तिचा चेहरा फुलला होता. "वृंदाताई, लावा ना बापूंना," ती माइकवरून म्हणाली. "बघा, लोक अजून सोडायला तयार नाहीत त्यांना." मग तिने स्वतःची बैठक फिरवली आणि पडद्याकडे तोंड करून बसली. "या वेळी मीही त्यांना बघत गाते."

तंबोरा पुन्हा सुरू झाला. केबल वृंदाच्या हातात लोंबत होती आणि काळ्या पडद्यासमोरही तिच्या संगणकावर नाडीचा आलेख चढतच होता. एवढ्या आनंदात बसलेल्या या मुलीला आता कुणी सांगायचं, आणि कुठल्या तोंडाने?