लाल पानांची हद्द

"ती बघ, पुन्हा त्याच जागी गेली," जारोत म्हणाला.

तिघंही कुंपणापाशी ओणवी झाली. पलीकडे शेजारच्या कस्मिनकाकांच्या, म्हणजे सगळ्या वाडीच्या 'पाकदें'च्या, खळ्यात भुईमुगाच्या शेंगा वाळत होत्या. पण त्यांची काळी कोंबडी शेंगांकडे ढुंकूनही बघत नव्हती. खळ्याच्या मधोमध, चोपून घट्ट केलेल्या जमिनीत ती काहीतरी टोचत होती. तिने मान वर केली तेव्हा चोचीत लाल पानाचा तुकडा होता.

"सकाळपासून चौथ्यांदा," म्हणत वेनिंगने वहीत एक रेघ ओढली.

"कोंबड्या मोजून कुणी शास्त्रज्ञ होत नाही."

"न मोजताही होत नाही."

जारोत आणि त्याची आठ वर्षांची बहीण उमी ही वेनिंगची मावसभावंडं. सुट्टीसाठी शहरातून आली होती आणि वाडीत आल्यापासून वेनिंगच्या वहीमागे फरफटत होती.

"पण आंदोंग तर इथे आहे," उमीने कुंपणाच्या लाल पानांवरून हात फिरवला. "मग तिला तिथे पान कुठून मिळालं?"

वेनिंगचा हात वहीवरच थांबला. या किनाऱ्यावर घरांमध्ये भिंती नसतात. लाल पानांच्या आंदोंगची रांग लावली की झालं, त्यापलीकडे शेजाऱ्याचं. आंदोंग कुणी खळ्याच्या मधोमध लावत नाही. कोंबडीची जागा कुंपणापासून सात पावलांवर होती. आणि त्या सात पावलांमध्येच तीन माड उभे होते.

मामा रोज सकाळ-संध्याकाळ त्या माडांवर चढून रस उतरवायचा आणि आई तो आटवून गूळ पाडायची. पण परवा सरकारी मोजणी होती. घराघराच्या हद्दीवर लोखंडी खुंट्या ठोकल्या जाणार होत्या. पाकदेंचा जावई तर आधीच सांगून मोकळा झाला होता, की जमिनीचा दाखला हातात आला की माड तोडून तिथे गोदाम बांधायचं.

वेनिंग चुलीपाशी गेली. आई कढईतला रस ढवळत होती.

"आई, ते तीन माड आपले ना?"

"तुझ्या आजोबांनी लावलेत." आईने मान वर केली नाही.

"मग कुंपणाच्या पलीकडे कसे गेले?"

"पाकदेंच्या सुमीच्या लग्नात मांडवाला जागा हवी होती. मीच म्हटलं, कुंपण उपटा. लग्नानंतर गड्याने ते परत लावलं. आपण तेव्हा तुझ्या बाबांना बोटीवर सोडायला बंदरात गेलो होतो. आलो, तर रांग इथे."

"आणि तू काहीच बोलली नाहीस?"

"काल पाकदेंनी विचारलं, रुकियेम, हद्द कुंपणाचीच ना? मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं." आईने पदराने डोळे पुसले. ती म्हणाली, धूर फार झालाय. "तू तीन वर्षांची असताना तापाने निपचित पडली होतीस. पाकदेंनी तुला पाठीवर बांधून सायकलवरून दवाखान्यात नेलं. भर पावसात. त्या माणसाला तोंडावर कसं सांगू, की तुमचं चुकलंय?"

सायकलची गोष्ट वेनिंगने शंभर वेळा ऐकली होती आणि दर वेळी तिला पाकदेंचा आणखी थोडा लळा लागला होता.

"म्हणजे आपण बोलायचंच नाही," बाहेर आल्यावर ती म्हणाली. "जमिनीलाच बोलू द्यायचं."

"जमीन बोलायला लागली की मला उठवा," जारोत म्हणाला.

"ऐक तर. आंदोंग उपटलं तरी त्याचा गड्डा खोल जमिनीत राहतो. त्यालाच कोंब फुटतो आणि कोंबडी तो खाते. असे गड्डे एका ओळीत सापडले, तर तीच आजोबांची रांग."

"आणि पाकदे आपल्याला त्यांचं खळं खणू देणार?"

"मी विचारते," उमी म्हणाली आणि कुणी अडवायच्या आत निघालीसुद्धा.

पाकदे कस्मिन उंच बांबूवर कबुतराचा पिंजरा चढवत होते. पिंजऱ्यातलं कबूतर दोन दिवस गप्प होतं, त्यामुळे पाकदेंचं दुसऱ्या कशात लक्ष नव्हतं.

"पाकदे, आम्ही तुमच्या खळ्यात रातकिडे शोधू?"

"शोध गं, हवे तेवढे ने. माझ्या राजाला त्यांची कटकट होत असेल."

"खणावं लागेल."

"खण, खण. फक्त नंतर बुजव. आणि आवाज करू नका, राजा रुसलाय."

जारोतने शेंगा बाजूला सारल्या आणि कोंबडीच्या जागी खुरपं घातलं. वीतभर खाली, खुरप्याला पांढरं काहीतरी लागलं. अंगठ्याएवढा जाड गड्डा होता, वरून कोंबडीने कुरतडलेला.

"एक," वेनिंग म्हणाली.

पण एका गड्ड्याने रांग होत नाही. त्यांनी हातभर अंतरावर खणलं. काही नाही. उजवीकडे खणलं, तरी काही नाही. चौथ्या खड्ड्यात मात्र एक खराखुरा रातकिडा निघाला आणि उमीने तो मुठीत पकडला.

"झालं तुझं शास्त्र?" जारोतने घाम पुसला. "असा एखादा गड्डा कुठेही सापडेल. उन्हात डोकं तापलंय माझं."

वेनिंग विचार करत होती. आपण हातभर अंतर कशावरून धरलं? समोरच्या कुंपणावरून. पण ते तर गड्याने लावलेलं. आजोबांच्या हातची रांग अजून कुठे शिल्लक आहे?

ती उठून घराच्या मागे धावली. विहिरीपलीकडची हद्द आजोबांनीच लावलेली होती आणि ती कुणी हलवली नव्हती. तिने दोरीने अंतर घेतलं. पहिलं झाड ते दुसरं, दोन हात. दुसरं ते तिसरं, दोन हात. सगळीकडे तेच.

"आजोबा दोन हातांवर लावायचे," ती धापा टाकत परतली. "आणि मागच्या रांगेचं टोक विहिरीच्या कट्ट्याला टेकतं. म्हणजे ही रांगही तिथूनच निघाली असणार. तिथून दोरी ताणायची."

जारोतने दोरीचं एक टोक कट्ट्याशी धरलं. उमीने दुसरं टोक कोंबडीच्या खड्ड्यावर रोवलं. दोन हातांवर खुरपं घातलं आणि गड्डा लागला. पुढे दोन हात, पुन्हा गड्डा. तिसऱ्या जागी कुजलेल्या मुळांचा काळा गुंता निघाला, पण नेमका दोरीखाली. जारोतने मग एकदाही घाम पुसला नाही. संध्याकाळपर्यंत रांगेत नऊ गड्डे उघडे पडले होते आणि सातही पावलं, तिन्ही माड आईच्या बाजूला होते.

"हे बुजवायचं नाही," वेनिंग म्हणाली. "बुजवू, पण परवा."

तिने कुंपणाची नऊ लाल पानं तोडली आणि प्रत्येक खड्ड्यात एक उभं केलं.

मोजणीच्या दिवशी वाडीचे प्रमुख, मोजणीदार आणि अर्धी वाडी खळ्यात जमली. पाकदे खुंटी घेऊन कुंपणाशी आले. वळले, तर समोर नऊ पानं वाऱ्यावर हलत होती.

"हे काय आहे? रातकिड्यांना लाल पानं फुटलीत का?"

"रातकिडा एकच निघाला, पाकदे," वेनिंग म्हणाली. "बाकी हे निघालं. उपटलेल्या आंदोंगचे गड्डे आहेत. दोन-दोन हातांवर, विहिरीच्या कट्ट्यापासून सरळ."

पाकदे पहिल्या खड्ड्याशी उकिडवे बसले. मग दुसऱ्याशी. तिसऱ्यापाशी त्यांनी टोपी काढली.

"सुमीचा मांडव," ते हळूच म्हणाले. "गड्याला मी सांगितलं, कुंपण परत लाव. कुठे लाव, हे सांगायचं राहिलं. मी तेव्हा राजाला घेऊन घुमण्याच्या स्पर्धेला गेलो होतो." मग ते एकदम आईकडे वळले. "रुकियेम, तुझा भाऊ या माडांवर रोज चढतो. मला वाटायचं, मीच मोठ्या मनाने चढू देतोय."

"मलाही वाटायचं," आई म्हणाली, "की तुम्हाला सगळं ठाऊक आहे, म्हणूनच तुम्ही अडवत नाही."

लोक हसले. जावई मात्र पायाने माती उकरू लागला.

"राहू द्या पण, पाकदे," आई घाईने म्हणाली. "कुंपण आहे तिथे राहिलं तरी..."

वेनिंगने ओठ घट्ट मिटून घेतले. इथे बोलायचं काम तिचं नव्हतं.

"आज तुझं 'राहू द्या' कुणी ऐकणार नाही," पाकदे म्हणाले. "साहेब, तिला विचारा. मला नाही."

मोजणीदाराने कुंपणावर बोट ठेवलं. "बाई, हद्द इथे आहे?"

आईने पाकदेंकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. वाळूच्या टेकाडांमागून समुद्र ऐकू येत होता.

"नाही," आई म्हणाली. मग जरा मोठ्याने, "इथे नाही. त्या पानांवर."

पाकदेंनी स्वतः खुंटी तिथे नेली आणि स्वतःच ठोकली. मग त्यांनी मातीने माखलेला हात वेनिंगच्या डोक्यावर ठेवला.

"मरेपर्यंत मी शेजारणीच्या जमिनीवर शेंगा वाळवल्या असत्या आणि मला कळलंही नसतं. तुम्ही मला वाचवलंत, पोरांनो."

"तुम्ही मला आधी वाचवलंत," वेनिंग म्हणाली. "सायकलवरून."

"ते होय? त्या दिवशी ब्रेक लागत नव्हते. तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही."

आईने तोंडावर हात ठेवला आणि मग इतकी हसली, की मोजणीदारालाही हसू आवरेना.