सतराव्या प्रश्नाचं उत्तर

नेत्राचं पत्र येऊन अकरा दिवस झाले होते, आणि विद्याधर केरकरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. 'सर, पेपर तुम्ही काढलात. मी उत्तरतालिका पाहिली नाही, हे तुम्ही तरी सांगा.' एवढंच पत्र, खाली पत्ता आणि फोन नंबर. पण केरकरांनी ते इतक्यांदा उघडलं होतं, की घड्यांवरची शाई पुसट झाली होती.

बाराव्या दिवशी, रविवारी सकाळी, ते आपल्याच बोरिवलीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर गेले. तिथे शर्मिष्ठा पेडणेकर राहायची. खाजगी तपासाची कामं करायची.

"अकरा दिवस, काका?" पत्र वाचून ती म्हणाली.

"मला वाटलं, मी काय सांगणार..."

"आणि त्या मुलीचं काय होणार?"

"उद्या सकाळी क्लासमधून नाव काढणार. चोर म्हणून."

अंधेरीच्या त्या क्लासने बँकेच्या परीक्षेच्या तयारीसाठी एक मोफत जागा ठेवली होती. चाळीस मुलांची तर्काची चाचणी झाली. पन्नास प्रश्न केरकरांनी काढले. नेत्रा पहिली आली. पण सतराव्या प्रश्नाचं उत्तर तालिकेतच चुकलेलं निघालं, आणि नेमकं तेच चुकीचं उत्तर चाळिसांत एकट्या नेत्राचं होतं.

"तुमची चूक कशी झाली?"

केरकरांचे कान लाल झाले. "आधी बरोबरच लिहिलं होतं. मग शंका आली. खोडलं."

"प्रश्न सांगा."

"मासे विकणाऱ्या सगळ्या बायका पहाटे बंदरावर जातात. हिराबाई पहाटे बंदरावर जाते. म्हणून हिराबाई मासे विकते. हा निष्कर्ष निघतो की नाही?"

"निघत नाही."

"हो. मी 'निघतो' लिहून बसलो."

शर्मिष्ठाने पत्रातल्या नंबरवर फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. केरकर श्वास रोखून बसले.

"'निघतो' का लिहिलंस गं?"

"ताई, मी वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. आमच्याकडे बाई पहाटे बंदरावर दुसरं कशाला जाईल? मॉर्निंग वॉकला?"

"चहावाली कुणी येत नाही?"

"येते ना... कमळमावशी. अरे यार! आणि पेपर सुटल्यावर मी जिन्यात सगळ्यांना सांगत होते, सतरावा कसला सोपा होता!"

दुपारी दोघं अंधेरीला पोहोचले. क्लासचे मालक हर्षद तावडे घाईत होते.

"मॅडम, साधा हिशोब आहे. ज्याने तालिका पाहिली, तो 'निघतो' लिहिणार. तिने 'निघतो' लिहिलं. संपलं."

"उत्तरतालिका कुठे होती?"

"सरांचं सीलबंद पाकीट, या खणात. परीक्षा दोन आठवड्यांपूर्वीच्या शुक्रवारी झाली. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, कृणालचा अर्ज आला, की सतराव्याचं उत्तर तालिकेत चुकलंय आणि नेत्राने नेमकं तेच लिहिलंय. म्हणून रविवारी सगळ्यांसमोर पाकीट फोडलं. बघतो तर खरंच! हुशार पोरगा. दुसरा आलाय."

"बोलवा त्याला."

कृणाल आला तो हजेरीपट घेऊनच. नीटनेटका, नम्र.

"ऑफिसचं कामही तूच बघतोस?"

"हजेरीपट ठेवतो, मॅडम. त्या खणात."

"नेत्राने काय लिहिलं, कसं कळलं?"

"तीच जिन्यात ओरडून सांगत होती."

शर्मिष्ठा हर्षदकडे वळली. "तुमचा हिशोब आणि सतरावा प्रश्न एकाच साच्याचे आहेत. मासे विकणाऱ्या सगळ्या बंदरावर जातात. पण बंदरावर गेलेली प्रत्येक बाई मासे विकत नाही. तालिका पाहणारा 'निघतो' लिहील. पण 'निघतो' लिहिणाऱ्या प्रत्येकाने तालिका पाहिलेली नसते. केरकरकाका शंकेने चुकले, नेत्रा वेसाव्याच्या सवयीने. मालक, तुम्ही घाईने."

मग ती कृणालकडे वळली.

"मग पाहिली कुणी? कृणाल, नेत्राचं उत्तर तुला जिन्यात कळलं, ठीक. पण पाकिटात काय लिहिलंय, हे शनिवारी कसं कळलं? ते तर रविवारी फुटलं."

"अंदाज..."

"पन्नासातला नेमका सतरावा?"

हजेरीपटाचा कोपरा त्याच्या मुठीत चुरगळला.

"तू तालिका आधीच पाहिलीस. सतराव्यातली चूक तुला दिसली, म्हणून तिथे बरोबर लिहिलंस. संशय नको म्हणून इतर काही मुद्दाम चुकवलेस, आणि नेत्रा पुढे गेली. मग जिन्यात तिचं उत्तर ऐकलंस."

"मला ती जागा हवी होती," कृणाल पुटपुटला. "पाकीट वाफेवर उघडलं."

तो बाहेर गेल्यावर हर्षदनी दार लोटलं. "सर, मुलीची जागा तिला देतो. पण बोभाटा नको. मुलांना सांगू, तांत्रिक कारण होतं. तुमची चूकही बाहेर जायला नको. इतक्या वर्षांचं नाव आहे तुमचं."

केरकरांना ते हवंहवंसं वाटलं. मान हलवायचीच काय ती बाकी होती.

पण त्यांच्या डोळ्यांसमोर जिना आला. त्या जिन्यावरून नेत्रा वर्षभर चढणार, आणि बाकीची पोरं बाजूला सरून कुजबुजणार.

"नको," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. "कागद द्या."

त्यांनी तिथेच लिहिलं: 'नेत्रा, सतराव्या प्रश्नाचं माझं उत्तर चुकलं होतं. तुझंही चुकलं. तू उत्तरतालिका पाहिली नव्हतीस; ती दुसऱ्याने उघडली, हे आज माझ्यासमोर सिद्ध झालं. हे पत्र क्लासच्या फळ्याशेजारी लाव. उशिराबद्दल क्षमा कर.' खाली पूर्ण नाव, सही, तारीख.

"खोडाखोड नाही एकही, काका," शर्मिष्ठा म्हणाली.

हर्षद लिफाफा पुढे करेनात, तेव्हा तिने पर्समधून काढून दिला.

सोमवारी टपाल कार्यालय उघडलं, तेव्हा केरकर रांगेत पहिले उभे होते. त्यांनी पत्ता दोनदा तपासला, तिसऱ्यांदा तपासायला चष्मा वर केला, आणि मग तसाच लिफाफा खिडकीतून आत सरकवला.