कलाबाईंचं बोट

सोनाळ्याच्या बाजारात दयारामचं दुकान म्हणजे एक दहा बाय बाराची खोली. भिंतींना आतून जुन्या गाद्या ठोकलेल्या, दारावर ‘स्टुडिओ’ अशी पाटी. ऑटोवर भोंगा बांधून गावोगाव जी जाहिरात फिरते, चादरींचा सेल म्हणा, पोलिओचा डोस म्हणा, ती इथेच तयार व्हायची. आणि आवाज कायम दयारामच्या बायकोचा, कलाबाईंचा. अर्धा तालुका त्या आवाजाला ओळखायचा; बाईंना मात्र रस्त्यात कोणी ओळखत नसे.

त्या कलाबाईंच्या गळ्यात गाठ निघाली. अकोल्याच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. सोमवारची तारीख दिली.

दयाराम दोन दिवस नीट जेवलाही नाही. तिसऱ्या दिवशी उठला आणि पुण्याहून स्टुडिओचे चांगले स्पीकर मागवले. जाहिरातींमधला आवाज त्याच्याकडे ढीगभर होता. तो घेऊन काय करायचा? त्याला घरातला आवाज हवा होता. चहा झाला म्हणणारा, चपला बाहेर काढा म्हणून खेकसणारा.

शुक्रवारी स्पीकर आले. लॅपटॉपशेजारच्या साउंडकार्डच्या लोखंडी डबीला जोडले, आणि खोलीभर घूंऽऽ सुरू झालं. डास कानाशी घोंगावावा तसं, पण बारीक नाही, जाड, खर्जातलं.

दयारामनं वायरी बदलल्या. सगळे प्लग एकाच बोर्डात लावले. मोबाइल बाहेर ठेवला. चार्जर काढून लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर चालवला. घूं काही जाईना, रेकॉर्डिंगमध्येही तेच उतरायचं. शेवटी सईद वायरमनला बोलावलं. त्यानं टेस्टर लावला, डोकं खाजवलं, मागच्या अंगणात खड्डा खोदला, तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ घातलं, वर बादलीभर पाणी ओतलं.

“आता जाते पहा,” सईद म्हणाला. “अर्थिंग नसलं का असंच भनभनते.”

गेलं नाही.

“काऊन बे?” दयारामचा आवाज रडवेला झाला. “परवा आमाले निघा लागते!”

कलाबाई चहा घेऊन आत आल्या. टेबलावर कप ठेवायला जागा करावी म्हणून त्यांनी ती लोखंडी डबी बोटानं जरा सरकवली. आवाज थांबला. बोट काढलं, घूं. ठेवलं, गप्प.

सईद हसत सुटला. “घ्या! वयनीच अर्थिंग हायेत. खड्डा फुकटच खोदला म्या.”

मग काय, जमलंच. डबीवर बोट ठेवून कलाबाई माइकपुढे अकरा मिनिटं बोलल्या. ‘चहा झाला हो.’ ‘बीपीची गोयी घेतली का?’ ‘पाय पुसून या, माय माय, किती तो चिखल!’ दयाराम समोर बसून ऐकत होता आणि शर्टाच्या बाहीनं नाक पुसत होता.

ऑपरेशन नीट पार पडलं. कलाबाई घरी आल्या. गळ्यावर जाळीचा रुमाल, हातात पाटी. रोज दुपारी जेवण झालं की दोघं दुकानात बसायची. कलाबाई डबीवर बोट ठेवायच्या, दयाराम बटण दाबायचा, आणि अकरा मिनिटं घर पहिल्यासारखं व्हायचं. असं सुख कोणाला सांगून कळायचं नाही!

फाल्गुनात एकदा अकरा मिनिटं संपली. पडद्यावरची रेघ शेवटाला जाऊन थांबली. स्पीकरमधून आवाज आला, “मेथी निवडून ठेवली, पण लयच कवळी निंगाली.”

मेथी त्यानं त्या सकाळीच आणली होती.

दयारामनं बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती, बोट डबीवर. त्याचे डोळे भरून आले. तिच्या मनातलं त्या बोटावाटे येतंय, हे त्यानं मानून टाकलं. विचारलं नाही. विचारलं आणि थांबलं तर?

दुसऱ्या दिवशी आवाज थोडा जास्त बोलला. मग रोजच. शेजारच्या म्हशीबद्दल, लेकीच्या फोनबद्दल, त्याच्या वाढलेल्या दाढीबद्दल. एकदा सईद पंखा दुरुस्त करायला आला असताना ऐकत उभा राहिला. पडद्यावरची थांबलेली रेघ पाहिली, आणि स्क्रूड्रायव्हर तिथेच टाकून घरी गेला.

चैत्रात आवाज म्हणाला, “डोये लाल झाले तुमचे. औषध टाकत जा.”

दयाराम लाडानं म्हणाला, “टाकतो ना कला. काल बी तू म्हतलं, तवाच टाकलं.”

कलाबाईंनी मान वळवली. एका हातानं पाटीवर लिहिलं: म्या नाई म्हतलं.

“मंग कोन? बोट तुह्यं हाय, आवाज तुहा हाय.”

त्यांनी पुसलं, पुन्हा लिहिलं. खडू दोनदा तुटला. *मले वाटे तुमीच कॉम्प्युटरवर जोडून राह्यले. मले बरं वाटावं म्हनून. म्हनून मी बसत होती.*

एकमेकांच्या मायेपायी दोघांनी महिनाभर याबद्दल तोंडातून, पाटीवरून अवाक्षर काढलं नव्हतं.

कलाबाईंनी बोट उचललं. दोन्ही हात पदरात घेतले.

घूं आलं नाही.

खोली स्वच्छ, शांत होती. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली.

कलाबाई उठल्या, दाराशी गेल्या, त्याला हातानं खूण केली. चला. दयारामही अर्धा उठला.

“बसा हो तुमी,” स्पीकरमधला आवाज म्हणाला. तोच, मायेचा, जरा दटावणारा. “तिले जाऊ द्या.”

दयाराम बसला.