चुकीच्या जागी दाद

शास्त्रीय संगीताचा संग्रह करायचं खूळ यज्ञेशच्या डोक्यात ऐन चाळिशीत शिरलं. पेणच्या शाळेत गणित शिकवणारा माणूस. यमन कुठला नि भूप कुठला हे कळत नव्हतं, पण कॅसेटींचं कपाट मात्र आधी करून घेतलं.

पहिली कॅसेट मिळाली रोह्याच्या विमलकाकूंकडून. त्यांच्या यजमानांनी, महिपतीकाकांनी, घरच्या बैठकीत टेप केलेली. काका खिडकीशी बसून कुंडलिका नदीकडे बघत होते. यज्ञेशला पाहून त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही.

"ऐक खुशाल," काकू म्हणाल्या, "पण तोंड मिटून. दाद द्यायची नाय. ह्यांनी भरभरून दिली, तेव्हापासून हे असे."

झटका आला असेल, यज्ञेशने मनाशी म्हटलं. म्हातारी माणसं कशालाही काहीही कारण लावतात.

रविवारी दुपारी त्याने कॅसेट लावली. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायची खरखर चालली होती. गाणारे बुवा खर्जातले. समोर दहा-बारा माणसं असावीत, मधूनच कुणाचा तरी पानाचा डबा वाजे. यज्ञेश रंगला, आणि सम यायच्या आधीच, भलत्याच ठिकाणी, "वाहवा!" म्हणून बसला.

कॅसेटमध्ये कुणीतरी हसलं.

त्याने टेप मागे नेऊन पुन्हा लावली. त्याच भलत्या जागी "वाहवा!" आलं. आवाज त्याचाच होता. त्या प्लेअरला रेकॉर्डिंगचं बटणच नव्हतं.

त्याने तो शब्द उच्चारून पाहिला. ओठ हलले. बाकीचे शब्द येत होते, तेवढा एक येत नव्हता.

तेवढ्यात अंगणातून त्याची सहा वर्षांची तनया छुमछुमत आत आली. काल आजीने दिलेले पैंजण ती सगळ्यांना दाखवत फिरत होती.

तिने तोंड उघडायच्या आत त्याने ते तळहाताने दाबलं. ती पाय आपटू लागली, पैंजण छुमछुमले.

कॅसेटमधलं गाणं थांबलं.

"ये गो," बुवा म्हणाले. "पुढं बस."

यज्ञेशने बटण दाबून टेप बंद केली.

"बाबा, दुखलं ना!" तनया ओरडली.

तिचा आवाज शाबूत होता. त्याला रडूच कोसळलं.

ती रुसून अंगणात पळाली, तुळशीभोवती तिने तीन फेऱ्या मारल्या. पैंजण पायांतच होते.

ऐकू येत होती ती फक्त शेजारची खरखर.