हिरव्या मातीतला जबडा

पाटोद्याच्या डोंगरावर माती धुवायला दुसरी कुणी आली असती, तर लोकांनी तिला वेड्यात काढलं असतं. पण प्रियदर्शनीबाई पडल्या कॉलेजच्या प्राध्यापक, त्यातून कडा गावच्या मोठ्या घरातल्या. त्यांना हसायचं तर पाठीमागेच. डोंगरात काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये हिरवट मातीचा पट्टा होता. ती माती पोत्यांनी आणायची, हौदात भिजवायची, बारीक चाळणीतून धुवायची आणि उरलेला गाळ भिंगाखाली कण कण करून निवडायचा. डायनोसॉर होते तेव्हा चिचुंद्रीएवढे सस्तन प्राणीही होते, आणि त्यांचे दात मोहरीएवढे. ते दात शोधण्यात बाईंचं वय निघून गेलं. लग्न राहिलं, लेकरू राहिलं. हाती आले ते सुटे, तुटके तुकडे, आणि निवृत्ती तर तोंडावर आलेली.

जीवन नावाच्या मेंढपाळाच्या वस्तीवर त्यांनी पत्र्याची एक खोली भाड्याने घेतली होती. जीवन मेंढरं घेऊन गोदाकाठाला उतरला होता. कुडाच्या भिंतीपलीकडे त्याची आई रतनबाई, बायको उज्ज्वला आणि तिचं तान्हं लेकरू.

एका ढगाळ दुपारी गाळात जबडा सापडला. अख्खा, नखाएवढा, त्यात दुधाचे दात. पिल्लू होतं ते, अजून आईच्या अंगावर पिणारं. दातांची टोकं सुईसारखी, झीज म्हणून नव्हती. बाईंनी फोटो काढले, जबडा डबीत ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून मनसोक्त रडल्या. एकदाचं गंगेत घोडं न्हालं होतं.

दुसऱ्या सकाळी कुडापलीकडून उज्ज्वलाचं कण्हणं ऐकू आलं.

"लेकरू चावतंय, म्याडम," ती म्हणाली. "डोळा लागला की..."

"तान्ह्याला दात कुठले आलेत गं?" रतनबाई करवादल्या. मग बाईंकडे वळून हळूच म्हणाल्या, "पर लेकरू लई वाळत चाललंय. अंगावर दूध हाय, त्येच्या पोटात जात न्हाई. काऊन, काय कळंना."

बाईंनी पाहिलं. लेकराच्या हिरड्या कोऱ्या होत्या. उज्ज्वलाच्या अंगावर मात्र टोचल्यासारख्या बारीक खुणा होत्या, रांगेने. दवाखान्यात जा, असं सांगून बाई खोलीत आल्या. मन रमवायला म्हणून त्यांनी जबडा भिंगाखाली धरला. दातांची टोकं बोथट झाली होती. कालच्या फोटोशी त्यांनी परत परत ताडून पाहिलं. दात झिजतो तो वापराने, हे त्या जन्मभर मुलांना शिकवत आल्या होत्या. डबीतला दात झिजत नाही. खोलीत ओल्या मातीचा वास भरला होता आणि त्याच्याखाली आंबूस, नासलेल्या दुधाचा.

बाई कुणाला बोलल्या नाहीत. बोलावं तर रतनबाई डबी ठेवू देणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. दवाखान्यातून पावडरचं दूध आलं, लेकराने ते ओकून टाकलं. त्याचं रडणं दिवसेंदिवस बारीक होत गेलं. बाईंना लाज वाटत होती. तरी डबी त्यांच्या उशाशीच होती.

मग एका तिन्हीसांजेला वीज गेली. कुडापलीकडून चुटूचुटू पिण्याचा आवाज येऊ लागला. प्यायलं एकदाचं, असं म्हणत बाई हायसं वाटून दारात आल्या. अंगणात रतनबाई बसल्या होत्या. लेकरू त्यांच्या मांडीवर होतं.

"मग आत...?" बाईंनी विचारलं.

"आत उज्ज्वला निजलीय," रतनबाई म्हणाल्या. "एकलीच."

आवाज थांबला नव्हता. दोघी ऐकत राहिल्या.

"तुमी मातीतनं काय काढलंय, म्याडम?"

"एक जबडा... पिल्लाचा."

रतनबाईंनी लेकराला छातीशी धरलं. "मंग जितनं काढलं तितं निऊन ठिवा. त्येची माय बी तितंच आसंल."

"ठेवते," बाई म्हणाल्या. "आत्ताच ठेवते."

डबी पर्समध्ये टाकून त्यांनी गाडी काढली. डोंगराकडे वळायचं तिथे त्या वळल्या नाहीत. वस्तीपासून दूर नेलं म्हणजे झालं, लेकरूही वाचेल आणि जबडाही, असं स्वतःला समजावत त्यांनी बीडचा रस्ता धरला.

घाट उतरून पाली गावाजवळ आल्या तेव्हा रतनबाईंचा फोन आला. "प्यायलं म्याडम, पोटभर प्यायलं. लई उपकार झाले. ठिवलं न्हवं तितं?"

"हो... ठेवलं."

फोन ठेवला आणि बाईंना छाती जड वाटली. ब्लाउज ओला लागला. घाम असेल म्हणून त्यांनी हात लावला, बोटं नाकाशी नेली. पाळी जाऊन कैक वर्षं लोटलेली, कूस कधी उजवलीच नव्हती, आणि बोटांना दुधाचा वास होता.

बाईंनी गाडी कडेला घेतली. शेजारच्या सीटवर पर्समध्ये काहीतरी बारीक आवाजात रडत होतं. डोंगर अजून फार लांब नव्हता, गाडी वळवता आली असती. बाईंनी दिवे बंद केले, पदर ओढून घेतला आणि डबी उघडून मांडीवर ठेवली. दुखलं. पण त्या हलल्या नाहीत.