ढोपराइतकं पाणी

रस्ता विचारायला आलात ना, मग आधी बसा. पाय वर घ्या, लादीला ओल आलीय. तो मोबाईलमधला नकाशा नंतर दाखवा. नकाशाला पाणी दिसत नाही, हे पस्तीस वर्षं टेम्पो हाकलेला माणूस तुम्हाला सांगतोय. सायकली घेऊन आतल्या रस्त्याने पेडण्याला उतरायचंय म्हणता? उतरा. मी कोण नको म्हणणारा. पण गौरेशचं काय झालं ते ऐकून घ्या, आणि मग तुमचं तुम्ही ठरवा.

गौरेश कारापूरचा. माझ्या बायकोची धाकटी बहीण पद्मावती, तिचा मुलगा. पेडण्याकडे तुयेच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. रोज स्कूटरवरून इकडून तिकडे जा-ये, त्यामुळे वाटेतल्या दोन्ही तालुक्यांतला खड्डा न खड्डा त्याला पाठ. साखळी गावातल्या सायकलवाल्यांच्या गटाने म्हणूनच वाट ठरवायचं काम त्याच्या गळ्यात घातलं. दोन हजार चोवीसचा जुलै होता. अकरा जण निघणार होते, साखळी ते कुणकेश्वर, दोन दिवसांत. पावसात का, असं विचारलं तर म्हणे पावसातच मजा. सुखातला जीव दुःखात घालायची हौस, दुसरं काय.

त्या अकरांत गौरेशची बहीण होती, सेजल. बावीस वर्षांची पोर. सहा महिने पहाटे उठून सराव केलेला, नवीन सायकल घेतलेली. पण आदल्या वर्षी हायवेवर ट्रक घासून एकाचा हात मोडला होता, तेव्हा पद्मावतीने साफ सांगितलेलं, हायवेने जाणार असाल तर माझी मुलगी येणार नाही. म्हणजे आतला रस्ता मोकळा असेल तरच सेजलची फेरी, नाहीतर घरी बसून लाडू वळ. चार दिवस ती भावाच्या मागे लागली होती की दादा, काहीही कर, पण आतली वाट काढ. गौरेशचा बहिणीवर फार जीव. त्याला स्वतःला रविवारची पाळी सुटत नव्हती, तो जाणार नव्हता, म्हणून निदान वाट तरी चोख काढून देऊ, असं त्याच्या मनात.

शनिवार, सत्तावीस जुलै. आषाढ वद्य सप्तमी. संध्याकाळी सातला गौरेश तुयेहून सुटला तो थेट घरी न येता आतल्या रस्त्याने निघाला. वाटेत तीन ठिकाणी पाणी आल्याचं कळलं होतं, ती तिन्ही पाहून यायची होती. पहिल्या ठिकाणी शेतातलं पाणी रस्त्यावर आलेलं, ते उतरलं होतं. दुसऱ्या ठिकाणी पाणी होतं, पण देवळाच्या मागून वळसा निघत होता. त्याने फोटो काढले, गटावर टाकले. गटाचा पुढारी सिद्धेश, शाळेत मास्तर आहे, त्याने दोन्हींवर हिरवी खूण केली. राहिलं तिसरं. व्हाळावरचा साकव, ओढ्यावरचा छोटा पूल.

कुठला साकव ते विचारू नका. माणसं अजून त्या बाजूने जातात-येतात, त्यांच्या मनात कशाला भरवा. बिनकठड्याचा, बुटका, काँक्रीटचा तुकडा आहे एवढं धरून चला. अलीकडे रान, पलीकडे रान, घर म्हणाल तर पाऊण किलोमीटरवर.

गौरेश तिथे पोचला तेव्हा पावणेनऊ झाले होते. पाऊस थांबलेला. स्कूटरच्या दिव्यात पाहिलं तर साकव नव्हताच, नुसतं लाल पाणी आडवं चाललेलं. साकव खाली कुठेतरी असणार. किती खाली, ते कसं कळावं? दगड टाकून कळत नाही. उतरून बघायची छाती होईना. तो तसाच उभा राहिला, सेजलला काय सांगायचं याचा विचार करत.

तेवढ्यात बाजूला कोणीतरी खाकरलं.

म्हातारा होता. डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ, अर्धी चड्डी, हातात काठी. काठी त्याच्या डोक्याच्याही हातभर वर. आपल्याकडे रात्रीच्या वेळी शिवेवर काठीवाला म्हातारा दिसला तर मनात काय येतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. गौरेशच्या मनात तेच आलं. राखणदार. गावाची शीव राखणारा, चुकलेल्याला वाटेला लावणारा. त्याच्या अंगावर काटा आला, पण भीतीचा नव्हे. त्याला धीर आला. त्याने मनातल्या मनात हात जोडले आणि विचारलं, "काका, पाणी किती आसा?"

"ढोपराक लागता, बस," म्हातारा म्हणाला. "रव, दाखयतंय."

आणि तो सरळ पाण्यात शिरला. वरचं टोक धरून पुढे काठी टाकायची, हात मनगटापर्यंत पाण्यात जायचा, मग पाऊल. पुन्हा काठी, पुन्हा पाऊल. स्कूटरचा दिवा त्याच्या पाठीवर. अलीकडून पलीकडे गेला, वळला, तसाच परत आला. पाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत गुडघ्याला. ना वर, ना खाली. गौरेशचा जीव भांड्यात पडला.

त्याने सगळं सांगून टाकलं. सायकली आहेत, पहाटे पावणेपाचच्या सुमारास पलीकडून येतील, खांद्यावर घेऊन आणता येतील ना? म्हाताऱ्याने ऐकून घेतलं.

"किती जणां?"

"अकरा."

"बायलमाणसां आसत?"

"दोगी. एक माजी भयण."

म्हाताऱ्याने काठी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, "येवंदेत. मी उभो आसतंय. एकेकाक पलतडी पावयतंय."

गौरेश स्वतः मात्र त्या पाण्यातून गेला नाही. स्कूटर गुडघाभर पाण्यात घातली की सायलेन्सरात पाणी जातं आणि गाडी बसते, म्हणून त्याने ती वळवली आणि हायवेने लांबचा फेरा मारून दहाला घर गाठलं. गटावर लिहिलं की साकवावर गुडघाभर पाणी आहे, सायकली उचलून आणा, पलीकडे एक काका उभे असतील, ते सांगतील तसं करा. हिरवी खूण झाली. सेजलने तर उडीच मारली. पद्मावती तेव्हा वाड्यावर भजनाला गेलेली. ती आली तोवर गौरेश झोपला होता.

सेजल साडेतीनला बाहेर पडली. पद्मावतीने तिच्या पिशवीत पोळ्या आणि लोणचं भरून दिलं, उंबऱ्यात उभं राहून ती वळणाआड होईपर्यंत पाहिलं.

चारला गौरेश उठला. सहाची पाळी होती. चहा घेताना आईने सहज विचारलं की पाणी किती ते तुला कळलं कसं. त्याने सांगितलं. राखणदार भेटला गं आई. स्वतः पाण्यात उतरून दाखवलं. पद्मावतीने देवाकडे तोंड करून हात जोडले. मग विचारलं, बोलला काय? गौरेशने तेही सांगितलं.

पद्मावतीचे जोडलेले हात तसेच राहिले.

"किती जणां म्हणान इचारल्यान?"

"हां."

"राखणदार असो इचारणा नाय रे," ती म्हणाली. "तेका मोजुचा लागणा नाय."

गौरेश हसला. म्हणाला, अगं, डोळ्यांनी पाहिलंय मी, काठी अशी टाकायचा, हात असा... कपडे वाळत घालायची काठी कोपऱ्यात होती, ती उचलून तो दाखवायला लागला. काठी जमिनीला टेकवली. वरचं टोक धरलं. हात त्याच्या कानाजवळ आला. तो थांबला. पुन्हा टेकवली. हात कानाजवळच. पाणी गुडघ्याला असेल तर काठीचं टोक धरलेला हात पाण्यात जाणार कसा? त्यासाठी काठी खाली जायला हवी. पायांच्याही खाली. पुरुषभर खाली.

काठीला तळ लागला नव्हता. आणि तो माणूस गुडघाभर पाण्यात चालत होता.

गौरेशने काठी टाकली. फोन उचलला. सेजलला लावला, वाजतोय, वाजतोय. सिद्धेशला लावला. तेच. पावसासाठी सगळ्यांचे फोन प्लास्टिकात गुंडाळून पिशव्यांत. घड्याळात चार वाजून नऊ मिनिटं. त्याने चप्पलही घातली नाही.

कारापूर ते तो व्हाळ बावीस किलोमीटर. अंधार, पाऊस, रस्ता तुम्हाला माहीत आहे तो. स्कूटर कशी हाकली ते त्याला आजही आठवत नाही. आठवतं ते एकच. तो वाटभर स्वतःला शिव्या घालत होता. मीच सांगितलं. अकरा सांगितलं. बहीण आहे हेही मीच सांगितलं.

शेवटच्या उतारावर त्याला दिवे दिसले. सायकलींचे. सगळे ओळीने उभे. दहा-अकरा तरणी माणसं, आणि आवाज फक्त पाण्याचा.

सिद्धेश नंतर सांगायचा की आम्ही पोचलो तेव्हा काका पाण्याच्या मधोमध उभे होते. गुडघाभर पाण्यात. तुझ्या निरोपाप्रमाणेच. आम्ही नमस्कार केला. त्यांनी एकच विचारलं.

"भयण खंयची? तिका पयली धाडा."

सेजल हसत पुढे झाली होती. सायकल खांद्यावर घेतली होती.

गौरेशने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. स्कूटर तशीच आडवी टाकली. सेजल पाण्यात होती. चार पावलं आत. पुढे म्हाताऱ्याने हात केलेला.

"सेजल... थांब."

ती थांबली नाही. ऐकूच आलं नसावं. पाचवं पाऊल उचललं...

त्याने पाण्यात उडी घेतली. तिच्या पाठीवरची पिशवी हाताला लागली. ओढली. दोघेही मागे पडले. सायकल खांद्यावरून सुटली, पाण्यात गेली.

आणि बुडाली. सगळ्यांच्या देखत. त्या गुडघाभर पाण्यात अख्खी सायकल... तिचा दिवा पेटलेला. दिवा खाली खाली जाताना दिसला. मग दिसेना.

कोणीतरी टॉर्च वर केला. पाण्यात मधोमध कोणी नव्हतं.

पलतडीला, पलीकडच्या काठावरही नव्हतं.

उजाडेपर्यंत ते तिथून हललेसुद्धा नाहीत. एकमेकांना धरून रस्त्यावर बसून होते.

दुपारी पाणी उतरलं तेव्हा जवळच्या वाड्यावरची माणसं आली. साकवाचा मधला तुकडा शुक्रवारी रात्रीच गेला होता, पाण्याखाली कोणाला दिसणार. खाली दोन पुरुष खोल डोह. साकवाच्या अलीकडच्या अर्ध्यात पाच पावलं जागा होती. सहावं पाऊल नव्हतं. काठीवाल्या म्हाताऱ्याबद्दल विचारलं तर ती माणसं एकमेकांकडे बघायला लागली आणि म्हणाली, पोरांनो, घरी जावा.

सेजल सुखरूप घरी आली. खरचटलं होतं, बाकी काही नाही. पद्मावतीने दारातच तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिला कुशीत घेऊन खूप रडली. गौरेशही रडला. सेजल रडली नाही. दमले म्हणाली, आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

संध्याकाळी सिद्धेश आला. त्यांच्या गटाचा एक रिवाज आहे. प्रत्येकाच्या फोनात गेलेली वाट रेघेने उमटते, ती सगळ्यांची एकत्र करून ठेवतात, कोण कुठवर गेला, किती वाजता पोचला, सगळं. फेरी मोडली तरी मास्तरांची सवय मोडत नाही. दहा जणांच्या रेघा त्याने गौरेशला दाखवल्या. साखळीहून निघालेल्या, व्हाळापाशी येऊन थांबलेल्या, दुपारी वळून पुन्हा साखळीला आलेल्या. मग त्याने सेजलचा फोन मागितला. तिच्या पाठीवरच्या पिशवीत होता, तिच्याबरोबरच घरी आलेला. अजून रेघ काढणं चालूच होतं, कोणी बंद केलं नव्हतं.

तिची रेघ व्हाळापर्यंत दहा जणांसारखीच आली होती. पण काठावर थांबली नव्हती. साकवावरून सरळ पुढे, पाणी ओलांडून पलीकडे गेली होती. चार वाजून बावन्न मिनिटं. तिथून पुढे नाही, मागे घराकडेही नाही.

सिद्धेश म्हणाला, ढगांमुळे होतं असं कधीकधी, फोन चुकतो. गौरेशने मान हलवली. दाराच्या फटीतून त्याने आत झोपलेल्या बहिणीकडे पाहिलं. तिचा श्वास चालू होता. मग त्याने फोन बंद करून पुन्हा चालू केला.

रेघ पलतडीलाच होती.